दुसऱ्या टोकाची टाळी

कॅमेऱ्यासमोर क्लॅप वाजते. दोन फळ्या जिथे भेटतात ती फ्रेम सापडते, रेकॉर्डरच्या वेव्हफॉर्ममध्ये त्याच क्लॅपचा उभा काटा दिसतो, दोन्ही एका रेषेत आणले की ‘सिंक झालं’ म्हणून एडिटर पुढच्या कामाला लागतो. चित्रपटाच्या सेटवर हे निभतं, कारण तिथला शॉट सहसा दोन-तीन मिनिटांच्या पुढे जात नाही आणि प्रत्येक शॉटला नवी क्लॅप असते. पण गाण्याची बैठक, दोन अंकी नाटक, कीर्तन, दीड तासाचं व्याख्यान, एखाद्या ज्येष्ठ कलावंताची ऐसपैस मुलाखत अशा ठिकाणी कॅमेरा एकदा सुरू झाला की मध्यंतरापर्यंत थांबत नाही. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर जात असतो. मग सुरुवातीला चोख बसलेला आवाज शेवटाकडे ओठांच्या पुढे तरी पळालेला असतो, नाहीतर मागे तरी राहिलेला असतो. माझं म्हणणं इतकंच आहे की सिंक या एका नावाखाली आपण दोन वेगळे प्रश्न हाताळत असतो. सुरुवात कुठे आहे हा एक, आणि दोन्ही यंत्रं सारख्याच वेगानं चालली का हा दुसरा. क्लॅप फक्त पहिल्याचं उत्तर देते. दुसऱ्याचं उत्तर रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या टोकाला असतं, आणि ते टोक न तपासता पुढे गेलेल्या एडिटरनं अर्धंच काम केलेलं असतं.

हा फरक संगणकाच्या काळातला नव्हे. सिनेमा बोलू लागला तेव्हाच इंजिनिअरांना तो करावा लागला होता. वॉर्नर ब्रदर्सनं १९२६ मध्ये आणलेल्या व्हायटाफोन पद्धतीत आवाज फिल्मवर नव्हताच, तो सोळा इंची तबकडीवर होता. एक तबकडी हजार फुटांच्या एका रिळाला, म्हणजे साधारण अकरा मिनिटांना पुरायची. प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरवर फिरत असल्यामुळे वेगाचा प्रश्न मिटलेला होता, उरायची ती फक्त सुरुवात. खुणेची फ्रेम गेटमध्ये आणि सुई तबकडीवरच्या खुणेवर ठेवली की झालं. फिल्म तुटून चार फ्रेमा गेल्या तर ऑपरेटरला तेवढ्याच काळ्या फ्रेमा जोडाव्या लागत, कारण तबकडीतून तेवढा आवाज कापता येत नसे. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या ‘आलम आरा’च्या वाट्याला हा प्रश्न आलाच नाही. अर्देशिर इराणींनी वापरलेल्या टॅनर यंत्रणेत आवाज चित्राच्याच निगेटिव्हवर उमटत होता. पारडं उलटलं ते चुंबकीय टेप आल्यावर. पाव इंची टेपला दातेरी भोकं नसतात. ती रबरी चाकाच्या दाबावर सरकते, किंचित घसरते, किंचित ताणते, आणि ओठ सोडून पळायला एवढं पुष्कळ झालं. स्टेफान कुडेल्स्की यांनी स्वित्झर्लंडमध्ये घडवलेल्या नाग्रा रेकॉर्डरवर त्यासाठी पायलट टोनची सोय होती. कॅमेऱ्याच्या मोटरशी बांधलेला एक संकेत, युरोपात ५० हर्ट्झचा, केबलनं रेकॉर्डरपर्यंत यायचा आणि आवाजाबरोबरच टेपवर लिहिला जायचा. पुढे आवाज भोकांच्या चुंबकीय फिल्मवर उतरवताना तो संकेत बघून वेग क्षणाक्षणाला दुरुस्त होत असे. नंतर केबलही गेली, आणि कॅमेऱ्यात एक व रेकॉर्डरमध्ये एक असे दोन क्वार्ट्झचे स्फटिक आले. म्हणजे क्लॅप आणि पायलट टोन ही दोन साधनं एकाच सेटवर शेजारी-शेजारी नांदत होती, कारण दोघांची कामं वेगळी होती. डिजिटल यंत्रं आल्यावर पायलट टोन नजरेआड झाला आणि त्याचं कामही संपलं असा समज झाला.

ते काम संपलेलं नाही. आजचा रेकॉर्डर सेकंदाला ४८,००० नमुने घेतो म्हणतो, पण तो सेकंद त्याच्या स्वतःच्या स्फटिकानं मोजलेला असतो. कॅमेराही २५ फ्रेमा घेतो त्या त्याच्या स्फटिकाच्या सेकंदात. स्फटिकाची चूक दहा लाखांत किती अशी मोजतात. ती घडणीवर, वयावर आणि तापमानावर ठरते, आणि मांडवात तीन तास उन्हात तापलेला कॅमेरा व स्टेजमागे पंख्याखाली ठेवलेला रेकॉर्डर यांचं तापमान एक नसतं. दोघांत मिळून दहा लाखांत ५० एवढा फरक पडला तर तासाला ०.१८ सेकंद होतात, म्हणजे २५ फ्रेमांच्या हिशेबात साडेचार फ्रेमा. दोन तासांच्या अखेरीला नऊ. यात कुठलंच यंत्र बिघडलेलं नसतं, हे मुद्दाम सांगायला हवं. दोन्ही यंत्रं आपापल्या माहितीपत्रकात लिहिलेल्या मर्यादेत इमानदारीनं चाललेली असतात, आणि तरी त्यांचे तास सारखे भरत नाहीत. हाच फरक दोन मिनिटांनी तपासला तर केवळ सहा मिलिसेकंदांचा, म्हणजे एका फ्रेमच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. तो डोळ्याला दिसणं शक्य नाही. ‘थोडं पुढे जाऊन पाहिलं, बरोबर आहे’ या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नसतो. जेवढं लांबचं टोक पाहाल तेवढं मोजमाप खरं.

ख्यालाच्या बैठकीत ही गोष्ट जितकी खुपते तितकी दुसरीकडे कुठे खुपत नाही. बैठक विलंबितानं सुरू होते. किराणा पद्धतीच्या अतिविलंबित एकतालात बारा मात्रांच्या एका आवर्तनाला मिनिटभर सहज लागतं, म्हणजे मात्रा पाच-पाच सेकंदांची. तिथे आवाज दोन-तीन फ्रेमा इकडेतिकडे असला तर गायकाच्या लांब आकारात तो बुडून जातो. तोंड उघडलेलं आहे, स्वर चालू आहे, फार तर तबलजीकडे बारीक नजर असणाऱ्यालाच काही चुकल्यासारखं वाटेल. तासाभरानं तीच मैफल द्रुत तीनतालात आलेली असते. मिनिटाला ३०० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ०.२ सेकंदांची, आणि तोवर साचलेली चूक ०.१८ सेकंदांची. पडद्यावर हात एका मात्रेवर पडतो, ऐकू येतो तो जवळजवळ शेजारच्या मात्रेचा बोल. गायक समेवर मान टाकतो आणि सम त्याच्या मानेनंतर येते. श्रोत्यांची दादही मग भलत्याच जागी पडल्यासारखी दिसते. ज्या भागात चूक सर्वांत लहान असते तिथे ती खपते, आणि जिथे खपणार नाही तिथेच ती सर्वांत मोठी होते. फक्त सुरुवात तपासणारा एडिटर नेमका तो भाग तपासतो जिथे तपासण्याची गरज सर्वांत कमी होती. ख्यालाची बांधणी आणि स्फटिकांची सरक एकाच दिशेनं वाढत जातात, याला योगायोग म्हणायचं. पण त्या योगायोगावर कामाची शिस्त ठरवायला हरकत नाही.

तपासायचं कशावर, याचंही तारतम्य असतं. गायकाचा आकार उपयोगाचा नाही, कारण तोंड आधी उघडतं आणि स्वर केव्हा लागला ते तोंडाकडे पाहून कळत नाही. तबल्यातही डग्ग्याचा घुमारा टाळावा; तो हळूहळू उमलतो, त्याचं टोक सापडत नाही. दायाच्या किनारीवरचा ‘ना’ घ्यावा. त्याचा काटा वेव्हफॉर्ममध्ये काटकोनात उभा राहतो आणि तर्जनी किनारीला टेकलेली स्वच्छ दिसते. कीर्तन किंवा भजन असेल तर टाळ आणि चिपळ्या याहूनही सरस, आणि तिथे त्या दर दोन मिनिटांनी फुकट मिळतात. बोलण्यात ओठ मिटून उघडणारी अक्षरं धरायची, म्हणजे पवर्ग. ‘प’ला ओठ मिटलेले असताना शांतता असते आणि ओठ सुटताच स्फोट होतो, तेव्हा ओठ सुटलेली पहिली फ्रेम आणि स्फोटाचं टोक जुळलं पाहिजे. ‘म’ मात्र फसवतो, कारण तो ओठ मिटलेले असतानाच नाकातून सुरू झालेला असतो. नवशिका एडिटर ‘म’ धरतो आणि आवाज दोन फ्रेमा उशिरा बसवतो. यापुढे एक अडचण राहतेच. २५ फ्रेमांत शटर पन्नासांशावर ठेवलं तर निम्मा वेळ कॅमेरा डोळे मिटून असतो. तर्जनी किनारीला टेकली तो क्षण त्या मिटलेल्या वेळात गेला, तर एका फ्रेममध्ये बोट वर आहे आणि पुढच्या फ्रेममध्ये ते उठतंय, टेकल्याची फ्रेम अस्तित्वातच नाही. तेव्हा डोळ्यानं केलेल्या मोजणीत अर्ध्या फ्रेमची शंका धरूनच चालावं. (आणि ब्लूटूथ हेडफोन लावून सिंक तपासू नये. त्यातून आवाज कानाशी पोचायला शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज लागतात, आणि मग आपण फाइलमधली नव्हे, हेडफोनची चूक दुरुस्त करत बसतो.)

शेवटचं टोक तपासण्याचा फायदा एवढ्यावर थांबत नाही. तिथे चूक किती आहे यावरून ती कुठून आली हे बहुतेक वेळा सांगता येतं, आणि या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. तासाला सेकंदाच्या अंशात सरकत असेल तर स्फटिक. तासाला बरोबर ३.६ सेकंद सरकत असेल तर स्फटिकांना दोष देऊ नये. तो हजारात एकचा फरक आहे, आणि तो अमेरिकेच्या रंगीत टेलिव्हिजननं मागे ठेवलेल्या २९.९७ आणि २३.९७६ या आकड्यांतून येतो. कुणीतरी २९.९७ चं चित्र ३० समजलंय किंवा २३.९७६ चं २४. तासाला दोन मिनिटं चोवीस सेकंद जात असतील तर २४ आणि २५ ची गल्लत आहे. आपल्याकडे ती नेहमीची, कारण सिनेमा २४ वर आणि टेलिव्हिजन २५ वर वाढला. आवाज तासाला पाच मिनिटांच्या आसपास चुकतोय आणि शिवाय गायकाची पट्टीही दीडएक अर्धस्वर वर गेल्यासारखी वाटतेय, तर ४४,१०० नमुन्यांची फाइल कुणीतरी ४८,००० ची म्हणून वाजवलीय. आवाज सलग न सरकता एका जागी एकदम उडी मारत असेल तर चालीत काही बिघाड नाही, जोडात आहे. पुष्कळ कॅमेरे लांब क्लिप चार गिगाबाइटला तोडतात, आणि तिथे काही फ्रेमा पडल्या की पुढचं सगळं तेवढं सरकतं. आणि चूक कधी वाढते, कधी कमी होते, परत वाढते अशी लाटांसारखी वागत असेल तर एक कॅमेरा बहुधा मोबाइल होता. मोबाइल प्रकाश आणि प्रोसेसरवरचा भार पाहून फ्रेमांमधलं अंतर बदलत राहतो, टाइमलाइन मात्र सगळ्या फ्रेमा समान अंतरावर आहेत असं धरून चालते. तिथे आवाजाला हात लावण्यात अर्थ नाही, ते चित्रच आधी कायम फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यावं लागतं. इतकी वेगवेगळी दुखणी, आणि सुरुवातीच्या क्लॅपपाशी पाहिलं तर ती सगळी एकसारखी निरोगी दिसतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आता हे सगळं सॉफ्टवेअर करतं. प्रीमियर असो की रिझॉल्व्ह, क्लिपा निवडायच्या आणि एक आज्ञा द्यायची. ती आज्ञा करते काय ते पाहू. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर आलेला बारीक, खोलीच्या घुमाऱ्यासकटचा आवाज आणि रेकॉर्डरचा स्वच्छ आवाज ती एकमेकांवरून सरकवते, आणि जिथे आकार सर्वांत जास्त जुळतात तिथे थांबते. उत्तर म्हणून एकच जागा येते. तासाभराच्या क्लिपमध्ये ती जागा मध्ये कुठेतरी लागू शकते, आणि मग दोन्ही टोकं थोडी थोडी चुकलेली राहतात. प्लुरलआइजसारख्या प्रोग्रॅममध्ये सरक दुरुस्त करण्याची सोयही होती, हे मान्य. पण याहून मूळचा घोटाळा वेगळा आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे २५ फ्रेमांच्या हिशेबात एका फ्रेमला पावणेचौदा मीटर. सभागृहाच्या मागच्या बाजूला, स्टेजपासून वीस मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या माइकला आवाज जवळपास ५८ मिलिसेकंद उशिरा मिळतो. सॉफ्टवेअर गायकाच्या तोंडासमोरच्या माइकचा आवाज या उशिरा आलेल्या आवाजाला जुळवतं, म्हणजे दीड फ्रेम मागे ढकलतं. त्यातून त्या कॅमेऱ्यानं झूम करून चेहऱ्याचा क्लोजअप घेतलेला असतो! प्रेक्षकाला गायक दोन हातांवर दिसतो आणि ऐकू येतो शेवटच्या रांगेतून. तीन कॅमेरे तीन अंतरांवर असतील तर तिघांचीही ‘अचूक’ सिंक एकमेकांशी जुळत नाहीत, आणि कट पडला की ते जाणवतं. गंमत अशी की याच कॅमेऱ्याच्या आवाजावर वेग मात्र फार नेमका मोजता येतो. अंतर सुरुवातीला जेवढं तेवढंच शेवटी असतं, त्यामुळे दोन टोकांची वजाबाकी केली की ते गळून पडतं, आणि मोजणी फ्रेममध्ये न होता नमुन्यांत होते. म्हणून मी यंत्राला वेग विचारतो आणि जागा डोळ्यानं ठरवतो. सर्वसाधारण रिवाज याच्या अगदी उलट आहे: जागा यंत्राकडून घ्यायची आणि वेग कुणीच विचारायचा नाही.

टाइमकोडचं नाव घेणारे यापेक्षा जाणते असतात. प्रत्येक कॅमेऱ्याला आणि रेकॉर्डरला एकेक लहानशी टाइमकोडची डबी लावली, सकाळी सगळ्या डब्या एकदा एकमेकींशी मिळवून घेतल्या, की दिवसभर वेळ एकच. डब्यांचे स्फटिक चांगले असतात आणि त्या आपापसांत खरंच फार हलत नाहीत. पण फाइलवर टाइमकोडचा जो शिक्का बसतो तो बहुतेक वेळा फक्त सुरुवातीचा पत्ता असतो. त्यानंतरचे नमुने रेकॉर्डर स्वतःच्या स्फटिकावरच मोजत जातो, जोवर त्याला बाहेरून वर्ड क्लॉकचा लगाम घातलेला नाही. म्हणजे टाइमकोड ही फार सोयीची, न वाजता वाजलेली क्लॅप झाली. शंभर क्लिपांच्या कामात ती वरदान आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिचा आवाज एका ट्रॅकवर शेवटपर्यंत सलग रेकॉर्ड केलेला असेल तर त्यावरून वेगही मोजता येतो. पण तसं करायचं म्हणजे शेवटच्या टोकाला जाऊन वाचणं आलंच.

एवढ्याशा चुकीनं कुणाचं काय बिघडतं, हा आक्षेप सर्वांत मोठ्यानं येतो, आणि त्याला उडवून लावता येत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवू लागतं, मागे पडला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत त्याला कळत नाही. हा डावा-उजवा फरक समजण्यासारखा आहे. जगात उजेड नेहमी आवाजाच्या आधी पोचतो. नदीपलीकडची धोबीण कपडा आपटते तेव्हा आवाज उशिराच येतो, त्यामुळे उशिराची आपल्याला जन्मजात सवय असते आणि आधी येणाऱ्या आवाजाची मुळीच नसते. तेव्हा एक-दोन फ्रेमांचा उशीर खपतो हे खरं. पण आपण पाहिलेली चूक तासाला १८० मिलिसेकंदांची आहे, तीही दोन्ही बाजूंना घडू शकणारी. सर्वसाधारण बोलण्यात एका अक्षराला जवळपास तेवढाच वेळ लागतो, म्हणजे एका अक्षराचे ओठ आणि शेजारच्या अक्षराचा आवाज अशी जोडी लागते. डोळा ऐकण्यात लुडबुड करतो हे हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅक्डोनाल्ड यांनी १९७६ मध्येच दाखवून दिलंय. कानावर ‘बा’ आणि ओठांवर ‘गा’ असेल तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येतं. तेव्हा ‘प्रेक्षकाला कळलं नाही’ याचा अर्थ त्याच्यावर परिणाम झाला नाही असा होत नाही. त्याला बोलणं अस्पष्ट वाटतं, वक्ता कंटाळवाणा वाटतो, आणि दोष तो वक्त्यालाच देतो.

कुणी म्हणेल, आपल्या प्रेक्षकाला एवढं कुठलं सोवळं? गोंगाट करणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे कित्येक दशकं हिंदी-मराठी सिनेमा स्टुडिओत डब होत आला. २००१ च्या ‘लगान’मध्ये सेटवरचाच आवाज ठेवला याची बातमी व्हावी, इतकं ते दुर्मीळ होतं. ही सवय आहे खरी. पण डबिंगची चूक वेगळ्या जातीची असते. तिथे नट प्रत्येक वाक्य नव्यानं म्हणतो, एडिटर प्रत्येक वाक्य हातानं बसवतो, आणि पुढच्या वाक्याला हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. चूक या बाजूला, मग त्या बाजूला होते, साचत नाही. स्फटिकांची सरक एकाच दिशेनं साचते. डबिंगची सवय झालेला डोळा तिला सांभाळून घेईल असं मानायला आधार नाही.

आता दुरुस्ती, आणि इथे संगीतवाल्यांचा आक्षेप रास्त भीतीतून येतो: आवाज ताणला तर स्वर बिघडेल. हिशेब करून पाहावा. दहा लाखांत ५० इतका बदल साध्या पद्धतीनं, म्हणजे वेगाबरोबर स्वरही हलू देऊन केला तर स्वर एका सेंटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी हलतो. एका अर्ध्या स्वरात १०० सेंट असतात, आणि ज्या प्रमाणश्रुतीवर आपल्याकडे वाद झडतात ती साधारण २२ सेंटची. कुठल्याही कानाला हा फरक कळणार नाही. हजारात एकचा फरकही पावणेदोन सेंटच्या आतच राहतो. २४ ची २५ केली तर मात्र ७१ सेंट, म्हणजे पाऊण अर्धस्वर. तिथे षड्जच हलतो, आणि स्वर जागेवर ठेवून ताणण्याची सोय वापरावीच लागते. लहान दुरुस्तीत ती सोय बंद ठेवावी. स्वर धरून ठेवण्याच्या खटाटोपात तबल्याच्या बोलांची धार बोथट होते, आणि ज्या धारेवर सिंक तपासलं तीच आपण घालवून बसतो. मुलाखतीत आणि नाटकात ताणण्याचीही गरज नसते. दोन वाक्यांमधल्या शांततेत कापून एकेक फ्रेम सरकवली की भागतं. बैठकीत शांतताच नसते. तानपुरा पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत वाजत असतो, त्यात कुठेही कात्री लावली की झंकाराची साखळी तुटते आणि कानाला ठेच लागते. म्हणून गाण्याच्या कामात मी आवाज सलग ठेवतो आणि दर कटला चित्र सरकवतो. तीन कॅमेऱ्यांत मिनिटाला दोन-चार कट पडतातच. नव्या शॉटच्या सुरुवातीला एक फ्रेम गेली काय नि वाढली काय, डोळ्याला पत्ता लागत नाही, आणि प्रत्येक शॉट स्वतःपुरता चोख बसतो. चित्र आधीच तुकड्यांचं बनलेलं आहे, आवाज तसा नाही. कापायचंच तर चित्राला कापावं. हे वेळखाऊ आहे, आणि ताणून वेग नीट जुळवला असेल तर यातलं बरंचसं अनावश्यकही ठरतं. पण एकच रेकॉर्डिंग, चार तास, चार कॅमेरे आणि त्यात एक मोबाइल, अशी वेळ आली की हाच मार्ग टिकतो.

आवाज सरळ मिक्सरवरून कॅमेऱ्यातच का घेऊ नये, असंही विचारलं जातं. घ्यावा. एका कॅमेऱ्याचं काम असेल आणि केबल तिथवर जात असेल तर एकाच यंत्रात एकाच स्फटिकावर दोन्ही गोष्टी येतात, ‘आलम आरा’सारख्या. पण दुसरा कॅमेरा आणला की त्याचा स्फटिक वेगळा, आणि प्रश्न तसाच परत येतो, फक्त आता रेकॉर्डरच्या जागी पहिला कॅमेरा असतो.

उरतो तो रेकॉर्डिंगच्या दिवशीचा शिरस्ता. सिनेमावाल्यांकडे त्याची सोय जुनीच आहे. सुरुवातीला क्लॅप देता आली नाही तर शॉटच्या शेवटी फळी उलटी धरून वाजवतात. उलट्या फळीवरून एडिटरला कळतं की ही शेवटची आहे. लांब रेकॉर्डिंगला सुरुवातीची सुलटी आणि शेवटची उलटी, दोन्ही हव्यात. बैठकीत गायकासमोर जाऊन फळी वाजवणं अर्थातच शोभत नाही, आणि तशी गरजही नसते. सुरुवातीला तबलजी हातोडीनं गट्टे ठोकून तबला मिळवतो तेव्हा प्रत्येक कॅमेऱ्यानं मिनिटभर त्याच्या हातावर राहावं. हातोडीचा ठोका क्लॅपइतकाच टोकदार असतो आणि स्वच्छ दिसतो. शेवटी अडचण येते, कारण शेवटच्या टाळ्यांचा कडकडाट क्लॅप म्हणून कुचकामी असतो, पाचशे हातांच्या टाळ्यांना टोक नसतं. त्याच्या आधीची तिहाई कामाची, तिचा समेवरचा शेवटचा ठोका निदान एका कॅमेऱ्यात तबलजीच्या हातासकट आला पाहिजे. बाकीच्यांसाठी भैरवी संपली, लोक उठले, की कुणीतरी एकानं चालू रेकॉर्डरच्या माइकपाशी उभं राहून सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवावी, आणि तोवर कुणी रेकॉर्डिंग थांबवू नये. मध्यंतरात रेकॉर्डर बंद केला असेल तर दुसऱ्या भागासाठी पुन्हा दोन्ही टोकांना हेच करावं, कारण बंद करून चालू केलेल्या रेकॉर्डिंगची सुरुवात नवी असते.